किलोमागे साडेचार ग्रॅम : मध्यम कार्बन पोलादाची प्रस्तावना

एक किलो सी-४५ पोलादात साडेचार ग्रॅमच्या आसपास कार्बन असतो. पाच ते आठ ग्रॅम मँगेनीज, तीन-चार ग्रॅमपर्यंत सिलिकॉन, गंधक आणि फॉस्फरस जितके कमी ठेवता येतील तितके, आणि उरलेले सगळे लोखंड. उसाच्या ट्रॉलीचा अ‍ॅक्सल, पंपाचा शाफ्ट, इंजिनाचा क्रँकशाफ्ट, साखर कारखान्याच्या मिलमधल्या रोलरचा शाफ्ट आणि मोठ्या यंत्रांना धरून ठेवणारे बोल्ट या साडेचार ग्रॅमच्या जोरावर काम करतात.

कार्बन किलोमागे दीड-दोन ग्रॅमच असला, की ते माइल्ड स्टील. ते सहज वाकते, वेल्ड होते, स्वस्तही पडते. पण तापवून पाण्यात बुडवले तरी त्याला म्हणावा तसा कठीणपणा येत नाही. कार्बन आठ-दहा ग्रॅमवर गेला, की ते छिन्नीचे, कानशीचे, टॅपचे पोलाद. ते धार धरते, पण धक्का सोसत नाही. या दोहोंच्या मधला, साधारण ०.३ ते ०.६ टक्के कार्बनचा पट्टा हा या पुस्तकाचा विषय आहे. या पट्ट्यातल्या पोलादाकडून आपण भार पेलण्याची ताकद मागतो आणि धक्का पचवण्याचा चिवटपणाही मागतो. एक वाढवायला गेले की दुसरा घटतो. त्यांचा मेळ कुठे घालायचा ते कामावर ठरते, आणि तो मेळ घालण्याचे साधन म्हणजे हीट ट्रीटमेंट.

या पुस्तकाचे सांगणे एका वाक्यात मांडता येईल : दुकानातून विकत मिळते ती पोलादाची रचना, त्याचे गुण आपल्याला घडवावे लागतात. एकाच बारचे दोन तुकडे घ्या, दोन्ही सारखेच लाल करा, एक भट्टीतच थंड होऊ द्या आणि दुसरा पाण्यात बुडवा. पहिल्यावर कानस चालेल, दुसऱ्यावरून ती घसरेल. दोन्ही तुकडे प्रयोगशाळेत पाठवले, तर रासायनिक पृथक्करणाचा अहवाल मात्र एकसारखाच येईल. ज्याला हा फरक का पडतो हे कळले, त्याच्या हाती हा सगळा विषय आला.

असे कळून घेण्याची गरज आपल्याकडे फार आहे. भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, शिरोली, इचलकरंजी इथल्या हजारो लहान-मोठ्या कारखान्यांत रोज मध्यम कार्बन पोलाद कापले, तासले आणि तापवले जाते. तिथले बोलणे मराठीत चालते; ड्रॉइंग, टेस्ट सर्टिफिकेट आणि पाठ्यपुस्तक मात्र इंग्रजीत असते. भट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसाला कसे करायचे ते ठाऊक असते, पण तसे का करायचे हे त्याच्या भाषेत त्याला कोणी सांगितलेले नसते. जॉब चांगला निघतो तोवर हे खपून जाते. जॉबला तडा गेला की अंदाज सुरू होतात : तेल जुने झाले असेल, माल खराब आला असेल. कारण माहीत असलेला माणूस अंदाज करत बसत नाही, एकेक शक्यता तपासून बाद करतो.

सुरुवात नावांपासून करू, कारण पहिला घोटाळा तिथेच होतो. एन-एट हे नाव दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या ब्रिटिश प्रमाणकांतून आले. पुढे ब्रिटननेच ते बदलून ०८०एम४० केले, तरी आपल्या बाजारात जुनेच नाव राहिले. नव्या नावातले आकडे वाचता येतात : ०८० म्हणजे सरासरी ०.८० टक्के मँगेनीज, ४० म्हणजे सरासरी ०.४० टक्के कार्बन. भारतीय मानकातले ४५सी८ हे नावही तसेच वाचायचे : कार्बन ०.४५ टक्के, मँगेनीज ०.८ टक्के. अमेरिकी १०४५ मधले शेवटचे दोन आकडे पुन्हा कार्बनचे. एन-एटमध्ये कार्बन ०.३६ ते ०.४४ टक्के असतो, सी-४५ मध्ये ०.४२ ते ०.५०. अनेकदा ही दोन्ही एकच समजून वापरली जातात आणि साध्या शाफ्टसाठी ते चालूनही जाते. पण आकार अवघड असेल आणि जॉब पाण्यात थंड करायचा असेल, तर ०.३७ आणि ०.४९ यांतला फरक धड जॉब आणि तडा गेलेला जॉब यांच्यातला फरक ठरू शकतो. म्हणून सर्टिफिकेटवरचे ग्रेडचे नाव वाचून थांबू नये, कार्बनचा आकडाही वाचावा.

आता पोलादाच्या आत पाहू. थंड पोलाद घासून आरशासारखे करावे, सौम्य आम्लाने किंचित खरवडावे आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरावे. १८६०च्या दशकात शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बीने हेच केले आणि धातूचा अंतर्भाग माणसाला प्रथमच नीट दिसला. ०.४ टक्के कार्बनच्या पोलादात तिथे दोन तऱ्हेचे कण दिसतात. पांढरे कण जवळपास शुद्ध लोखंडाचे, म्हणजे फेराइटचे. ते मऊ आणि ताणले जाणारे असतात. गडद कण पर्लाइटचे. पर्लाइट म्हणजे फेराइट आणि सिमेंटाइट यांचे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकाला एक चिकटलेले बारीक थर. सिमेंटाइट हे लोखंड आणि कार्बन यांचे संयुग. त्यात ६.६७ टक्के कार्बन असतो, आणि ते अतिशय कठीण व ठिसूळ असते. ०.४ टक्के कार्बनच्या पोलादात फेराइट आणि पर्लाइट साधारण निम्मे-निम्मे भरतात. ०.२ टक्क्यांना पर्लाइट पाव हिश्श्यावर येते, ०.७७ टक्क्यांना सगळेच पर्लाइट होते. कार्बन वाढला की ताकद का वाढते आणि ताण का कमी घेतला जातो, याचे अर्धे उत्तर या प्रमाणात आहे.

उरलेले अर्धे उत्तर तापवल्यावर मिळते. खोलीच्या तापमानाला लोखंडाचे अणू ज्या मांडणीत बसलेले असतात, तिच्यात कार्बनच्या अणूला जागा जवळजवळ नसते. पोलाद ७२७ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले, की पर्लाइट मोडून नवी मांडणी सुरू होते. ०.४ ते ०.४५ टक्के कार्बनच्या पोलादात ८०० अंशांच्या आसपास ती पूर्ण होते. या अवस्थेला ऑस्टेनाइट म्हणतात. हिच्यातल्या पोकळ्या मोठ्या असतात, त्यामुळे सगळा कार्बन तिच्यात विरघळून सर्वत्र पसरतो. म्हणून हार्डनिंगसाठी एन-एट किंवा सी-४५ साधारण ८३० ते ८६० अंशांपर्यंत नेतात : बदल पूर्ण व्हावा आणि थोडी पुढची जागा हाताशी राहावी इतकेच. त्याहून फार वर नेले किंवा तिथे फार वेळ ठेवले, की कण मोठे होत जातात, आणि मोठ्या कणांचे पोलाद ठिसूळ निघते. जास्त तापवले म्हणजे जास्त पक्के होईल, ही समजूत अनेक जॉबांच्या मुळावर आली आहे.

पूर्वीचा लोहार हे तापमान रंगावरून ओळखत असे, आणि सरावलेली नजर अजूनही थक्क करते. पण रंग उजेडावर अवलंबून असतो. भर दुपारी आणि तिन्हीसांजेला एकच तापमान वेगळे दिसते. चुंबकाची परीक्षा जास्त भरवशाची आहे. ७७० अंशांच्या आसपास लोखंड चुंबकाला धरेनासे होते. चुंबक सुटला की अजून थोडे वर जायचे आहे, हे भट्टीत पायरोमीटर नसणाऱ्यालाही कळते. पायरोमीटर असलेल्याने मात्र तो वेळोवेळी तपासून घ्यावा. वीस-तीस अंश चुकीचे दाखवणाऱ्या उपकरणावरचा विश्वास सरावलेल्या नजरेपेक्षा महाग पडतो.

इथून पुढे सगळे थंड करण्याच्या वेगावर ठरते. ऑस्टेनाइटमध्ये विरघळलेला कार्बन बाहेर पडून पुन्हा सिमेंटाइट व्हायला बघतो, आणि त्यासाठी त्याला वेळ लागतो. भट्टी बंद करून जॉब आतच राहू दिला, तर भरपूर वेळ मिळतो : जाड थरांचे मऊ पर्लाइट, मऊ पोलाद, कापायला सोपे. हे अ‍ॅनीलिंग. बाहेर काढून स्थिर हवेत ठेवला, तर थर बारीक होतात, कण बारीक आणि एकसारखे होतात, ताकद थोडी वाढते. हे नॉर्मलायझिंग. फोर्जिंग किंवा रोलिंगमध्ये वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे तापलेले पोलाद त्याने एका पातळीवर येते. नॉर्मलाइझ केलेल्या एन-एटची ताणशक्ती किमान ५५० मेगापास्कल धरतात; बांधकामातल्या नेहमीच्या माइल्ड स्टीलची ४१० असते. फारसा ताण न येणाऱ्या शाफ्टसाठी एवढे पुरते आणि ते लेथवर छान कापले जाते. अशा जॉबला उगाच हार्डनिंग करण्यात शहाणपण नाही.

आणि जॉब एकदम पाण्यात बुडवला तर? कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. सी-४५ साठी तापमान ३३० ते ३५० अंशांच्या आसपास उतरले, की लोखंडाची मांडणी कार्बनची वाट न पाहता बदलते आणि तो तिच्यात अडकून पडतो. त्याच्या दाबाने स्फटिक ताणलेला, तिरपा राहतो. हे मार्टेन्साइट. जर्मन संशोधक आडोल्फ मार्टेन्स यांचे नाव त्याला फ्रेंच धातुशास्त्रज्ञ फ्लोरिस ऑस्मोंद यांनी दिले. सी-४५ मध्ये त्याचा कठीणपणा रॉकवेल सी मोजपट्टीवर ५५च्या वर जातो. लोहार ज्याला पाणी देणे म्हणतात, ते हेच. कठीणपणा येतो अडकलेल्या कार्बनमुळे. पाण्याचे काम त्याला बाहेर पडू न देण्याचे. १९३० साली अमेरिकेत एडगर बेन आणि ई. एस. डेव्हनपोर्ट यांनी तापमान आणि वेळ यांच्या आलेखावर हे सगळे बदल मांडून दाखवले. तेव्हापासून अंदाज गणितात आला.

त्या आलेखावरून मध्यम कार्बन पोलादाचा सगळ्यात मोठा दोष दिसतो, आणि तोच या पुस्तकाचा सगळ्यात लांब भाग आहे. साध्या कार्बन पोलादात मार्टेन्साइट मिळवायचे, तर ७०० वरून ५०० अंशांपर्यंतचा टप्पा सेकंदभराच्या आसपास ओलांडावा लागतो. बारच्या पृष्ठभागाला हे जमते, गाभ्याला जमत नाही. आतली उष्णता बाहेर यायला वेळ लागतो. बारा मिलिमीटरच्या तुकड्यात कठीणपणा बराच आत पोचतो. पंच्याहत्तर मिलिमीटरच्या शाफ्टमध्ये तो बाहेरच्या थोड्या थरापुरता राहतो आणि आत पुन्हा फेराइट-पर्लाइटच मिळते. म्हणून एन-एटच्या ब्रिटिश प्रमाणकात ताकदीसोबत जाडीची मर्यादा दिलेली असते. हार्डनिंग आणि टेंपरिंगनंतर ७०० ते ८५० मेगापास्कल हवे असेल, तर जाडी १९ मिलिमीटरपर्यंत. ६२५ ते ७७५ चालत असेल, तर ६३ मिलिमीटरपर्यंत. ड्रॉइंगवर शंभर मिलिमीटरच्या शाफ्टसमोर एन-एट आणि ८०० मेगापास्कल लिहिलेले दिसले, तर भट्टीवाल्याने काहीही केले तरी ते मिळणार नाही. तिथे डिझायनरशी बोलायला हवे.

अशा जाड जॉबसाठी तेवढ्याच कार्बनचे पण मिश्रधातू घातलेले पोलाद घेतात. एन-१९ मध्ये सुमारे एक टक्का क्रोमियम आणि थोडे मॉलिब्डेनम असते, एन-२४ मध्ये त्यांच्या जोडीला सुमारे दीड टक्का निकेल. हे घटक कार्बनला बाहेर पडायला उशीर लावतात. त्यामुळे तेलासारख्या सौम्य माध्यमातही मार्टेन्साइट खोलवर पोचते. वरच्या थराचा जास्तीत जास्त कठीणपणा कार्बनवरच ठरतो; मिश्रधातू त्याची खोली वाढवतात. एका टोकाला पाण्याचा फवारा मारून कठीणपणा किती दूरवर पोचतो हे मोजण्याची वॉल्टर जॉमिनी यांची चाचणी १९३८ची. या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे ती चाचणी पाच मिनिटांत पटवून देते.

पाण्यात बुडवणे दिसायला सोपे आहे, पण त्या काही क्षणांत जॉबवर बरेच काही बेतते. तापलेल्या पोलादाभोवती प्रथम वाफेचे आवरण तयार होते आणि ते उष्णता अडवते. मग ते फुटून पाणी जोरात उकळते. सगळ्यात वेगाने थंड होण्याचा टप्पा हाच. आवरण एका बाजूला आधी फुटले, दुसऱ्या बाजूला टिकले, तर जॉबवर मऊ डाग राहतात आणि तो वाकतो. म्हणून जॉब पाण्यात हलवत ठेवायचा आणि लांब शाफ्ट उभाच सोडायचा. पाण्यात मीठ घातले की वाफेचे आवरण लवकर फुटते. मार्टेन्साइट होताना पोलाद फुगते. बाहेरचा थर आधी कठीण होतो, आतला भाग नंतर बदलतो, आणि ओढाताणीत की-वेच्या कोपऱ्यात, धारदार पायरीत, भोकाच्या काठाशी तडा जातो. तिथे गोलाई ठेवली तर बहुतेक तडे टळतात. म्हणून हीट ट्रीटमेंट चांगली होण्याची निम्मी तजवीज लेथवर आणि ड्रॉइंगच्या कागदावरच होते.

पाण्यातून निघालेला जॉब पुरा झाला असे समजू नये. तो काचेसारखा ठिसूळ असतो, आणि आतल्या ताणाने तासाभरात, कधी रात्रीतून, आपोआप फुटू शकतो. तो हाताला सोसेल इतका कोमट झाला, की लगेच टेंपरिंगच्या भट्टीत जायला हवा. टेंपरिंग म्हणजे ठरवलेल्या तापमानाला पुन्हा तापवणे. अडकलेल्या कार्बनला थोडीशी हालचाल करता येते, तो अतिशय बारीक कणांच्या रूपात बाहेर येतो, ताण उतरतो आणि चिवटपणा परत येतो. किती परत येईल, हे तापमानावर ठरते. सी-४५ च्या लहान तुकड्यात २०० अंशांवर कठीणपणा पन्नासच्या वर टिकतो. ४०० अंशांवर तो चाळिशीच्या पुढेमागे येतो. ६०० अंशांवर तिशीच्या आसपास किंवा खाली उतरतो, आणि धक्का पचवण्याची क्षमता भरपूर वाढलेली असते. घासले जाणारे हवे तर खालचे तापमान, धक्के खाणारे हवे तर ५५० ते ६५० अंश. मधला २५० ते ४०० अंशांचा पट्टा बहुतेक वेळा टाळतात, कारण तिथे कठीणपणा कमी होऊनही चिवटपणा वाढत नाही, उलट घटतो.

हे निव्वळ पुस्तकी नाही, याचा पुरावा कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. मोठ्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा ठोकलेला असतो. त्यातला पहिला ८ म्हणजे ८०० मेगापास्कल ताणशक्ती. दुसरा म्हणजे त्याच्या ०.८ पट, ६४० मेगापास्कलवर बोल्ट कायमचा ताणला जाऊ लागतो. हे बोल्ट बहुधा मध्यम कार्बन पोलादाचे, पाणी किंवा तेल देऊन टेंपर केलेले असतात, आणि टेंपरिंग किमान ४२५ अंशांवर व्हावे असा दंडक आहे. शेजारच्या ४.६ आकड्याच्या बोल्टची ताणशक्ती याच्या निम्मी. दोन्ही दिसायला सारखे. ८.८ च्या जागी ४.६ बसवणे म्हणजे यंत्राखालचा अर्धा आधार काढून घेणे.

काही जॉबांना बाहेर एक गुण लागतो, आत दुसरा. क्रँकशाफ्टचे जर्नल बेअरिंगमध्ये फिरते, म्हणून ते कठीण हवे. पण संपूर्ण शाफ्ट प्रत्येक स्फोटाचा धक्का सोसतो, म्हणून गाभा चिवट हवा. मध्यम कार्बन पोलाद इथे सर्वांत उपयोगी पडते. तांब्याच्या वेटोळ्यातून उच्च वारंवारतेची वीज नेली, की त्या वेटोळ्याच्या आत ठेवलेल्या शाफ्टचा फक्त वरचा थर काही सेकंदांत लाल होतो. लगेच फवारा मारला की तेवढाच थर मार्टेन्साइट होतो आणि गाभ्याला काही कळत नाही. वारंवारता कमी ठेवली की थर खोल, वाढवली की उथळ. १९३०च्या दशकात अमेरिकेत ओहायो क्रँकशाफ्ट कंपनीने ही इंडक्शन हार्डनिंगची रीत क्रँकशाफ्टसाठी रूढ केली. ०.२ टक्के कार्बनच्या पोलादाला असे करता येत नाही; त्याला आधी वरून कार्बन पाजावा लागतो. ०.४५ टक्क्यांत तो आधीच हजर असतो. शिवाय फुगलेला वरचा थर गाभ्यावर दाबून बसतो आणि पृष्ठभागावर तडा सुरू व्हायला विरोध करतो.

हा विरोध महत्त्वाचा आहे, कारण फिरणारे भाग बहुधा एका मोठ्या झटक्याने तुटत नाहीत, लाखो लहान झटक्यांनी तुटतात. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा अ‍ॅक्सल तुटून मोठा रेल्वे अपघात झाला, आणि धडधाकट दिसणारे अ‍ॅक्सल का तुटतात, हा प्रश्न इंजिनियरांना छळू लागला. प्रशियाच्या रेल्वेतल्या ऑगस्ट व्होलर यांनी १८५० आणि ६०च्या दशकांत अ‍ॅक्सलवर पुन्हा पुन्हा भार देऊन दाखवले, की एका दमात पेलता येणाऱ्या भारापेक्षा बराच कमी भार पुरेशा वेळा दिला, तर पोलाद थकते आणि तुटते. आणि तडा बहुधा धारदार पायरीपाशी सुरू होतो. अ‍ॅक्सल तुटलेला सापडला, तर त्याचा तुटलेला भाग फेकून देऊ नका. त्याच्यावर गुळगुळीत, लाटांसारख्या रेषा दिसल्या, तर तो थकून तुटला आहे. रेषा जिथून निघतात तिथेच कारण असते.

हीट ट्रीटमेंटने काय होत नाही, हेही इथे स्पष्ट लिहितो. शाफ्ट चालताना फार लवतो, म्हणून तो हार्डन करून आणावा, असे वरचेवर सुचवले जाते. पोलादाची ताठरता मऊ असो वा कठीण, जवळपास तीच राहते, सुमारे २०० ते २१० गिगापास्कल. लवणे कमी करायचे, तर व्यास वाढवावा किंवा बेअरिंग जवळ आणावे. दुसरी गोष्ट वेल्डिंगची. तुटलेला एन-एटचा शाफ्ट वेल्ड केला की तो पुन्हा वेल्डच्या शेजारीच तुटतो, हे बहुतेक गॅरेजमध्ये पाहिलेले असते. वेल्डच्या बाजूची पट्टी क्षणात तापते आणि बाकीच्या थंड धातूमुळे क्षणात निवते. न मागता तिथे मार्टेन्साइट तयार होते. आधी सगळा भाग २०० ते ३०० अंशांपर्यंत तापवणे, कोरडे लो-हायड्रोजन रॉड वापरणे, आणि नंतर सावकाश थंड होऊ देणे, याला पर्याय नाही. तिसरी गोष्ट काळ्या बारच्या सालीची. रोलिंग होताना वरच्या थरातला कार्बन जळून गेलेला असतो. ती साल तासून काढली नाही, तर हार्डनिंग नीट होऊनही वर कानस चालते आणि दोष भट्टीला लागतो.

लोहारांविषयी आदराने लिहिल्याशिवाय ही प्रस्तावना पूर्ण होणार नाही. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या लोहारांनी आणि फिरत्या घिसाडी कुटुंबांनी शेतकऱ्याची अवजारे पिढ्यान्‌पिढ्या घडवली. ट्रकच्या मोडक्या कमानीच्या पाट्यातून ऊसतोडीचा कोयता करणारा लोहार मध्यम कार्बन पोलादच निवडत असतो : कमानीच्या पोलादात ०.५ ते ०.६ टक्क्यांच्या आसपास कार्बन आणि त्याच्या जोडीला सिलिकॉन असते, म्हणून ते धार धरते आणि मुळावर बसलेला घाव सोसते. तो फक्त धारेच्या कडेला पाणी देतो आणि पाठ मऊ ठेवतो. मग घासलेल्या कडेवर पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा असे चढत जाणारे रंग बघून टेंपरिंग कुठे थांबवायचे ते ठरवतो. फिकट पिवळा म्हणजे २२० अंशांच्या आसपास, निळा म्हणजे ३००. हे रंग पृष्ठभागावरच्या ऑक्साइडच्या पातळ थरामुळे दिसतात. या पुस्तकात जिथे आकडे आहेत, तिथे ही नजर आकड्यांच्या बरोबरीने ठेवली आहे.

उद्योग तिथेच थांबलेला नाही. नीळकंठराव कल्याणी यांनी १९६१ मध्ये स्थापलेली पुण्याची भारत फोर्ज आज जगभरच्या मोटार कंपन्यांना क्रँकशाफ्ट पुरवते. जगभरच्या फोर्जिंग उद्योगात एक नवी दिशा रुळली आहे : मध्यम कार्बन पोलादात किंचित व्हॅनेडियम घालायचे, आणि घणाखालून निघालेला तापलेला जॉब ठरावीक वेगाने हवेत थंड करायचा. पुन्हा तापवणे, तेलात बुडवणे, पुन्हा टेंपर करणे या पायऱ्या आणि त्यांचे इंधन त्यामुळे वाचते. जर्मनीत १९७०च्या दशकात सुरू झालेली ही पद्धत सगळीकडे चालत नाही. जिथे धक्के फार, तिथे अजूनही तेल आणि टेंपरिंगच लागते. पण तत्त्व तेच : थंड होण्याच्या वेगावर ताबा, आणि कार्बनला कुठे, किती जागा द्यायची याचा निर्णय.

पुस्तक कसे वाचावे, याविषयी एक सुचवतो. नवीन माणसाने पहिली तीन प्रकरणे सलग वाचावीत. त्यात लोखंड, कार्बन आणि तापमान यांचे नाते आहे, आणि पुढचे सगळे त्यावर उभे आहे. भट्टीवर काम करणाऱ्याने टेंपरिंगचे तक्ते भिंतीवर लावावेत, पण स्वतःच्या मालाचे आणि जाडीचे तुकडे करून ते पडताळून मगच त्यांवर विसंबावे. तेलाच्या टाकीत पाणी आणि मिठाच्या भट्टीत ओला जॉब जाऊ नये म्हणून जे नियम दिले आहेत, ते तोडल्याने माणसे भाजली आहेत. त्या प्रकरणाला कोणीही फाटा देऊ नये.

आणि प्रत्येक कारखान्यात एक वही असावी. जॉबचा माल आणि सर्टिफिकेटवरचा कार्बन, जाडी, भट्टीचे तापमान, आत ठेवलेला वेळ, थंड करण्याचे माध्यम आणि त्याचे तापमान, पाण्यातून निघाल्यावरचा कठीणपणा, टेंपरिंगचे तापमान, शेवटचा कठीणपणा. एवढ्याच नोंदी. जॉबला तडा गेला की कारण शोधायची जागा हीच. वर्षभरात तिच्यात तुमच्या भट्टीचे, तुमच्या तेलाचे, तुमच्या मालाचे असे ज्ञान साठेल, जे बाहेरच्या कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. आजवर ते एकेका कसबी माणसाबरोबर निवृत्त होत आले. ते मराठीत, आकड्यांसह, पुढच्या मुलाच्या हाती जाऊ लागले, तर हे पुस्तक लिहिण्याचे कारण पूर्ण होईल.